साडेआठची नोंद आणि आकारामचा कटवडा

कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत घड्याळ लावायला रेडिओ लागत नसे, गौसभाई लागत. माणूस मुळात घड्याळजी. त्यांची सायकल गल्लीच्या टोकाला रोपवाटिकेच्या फाटकाशी टेकली, की साडेआठ झाले असं समजून घराघरातले काटे सरकत.

फाटकाच्या आत पांढरी, झडपांची एक पेटी होती आणि पेटीत तापमापी. रोज सकाळी बरोबर साडेआठला तिच्यावरचा आकडा वाचून वहीत मांडायचा, हे काम गौसभाईंनी चौसष्ट साली अंगावर घेतलं. शहाऐंशी उजाडलं तरी एक दिवस कोरा नव्हता. लेकीच्या निकाहाला काझी मांडवात आणि बाप पेटीपुढं! बावीस वर्षांच्या वह्या घरी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेल्या. त्यापायी बायकोचा, रशिदाचा, लग्नातला शालू खुंटीवर आला होता, पण ते दुःख तिचं तिला.

त्या दिवाळीत उचगावच्या गणपतरावांचा बाळासो आला. हा अहमदाबादेत उपग्रहांच्या नादी लागलेला. फाटकाशीच त्यानं गौसभाईंना गाठलं.

"चाचा, तुमच्या वह्या पायजेत. वर उपग्रहावर एक यंत्र असतंय. मायक्रोवेव्ह लहरींवरनं हवा किती तापली ते वळखतं, ढग आडवा आला तरी. पण चार-पाच वर्सांत उपग्रह म्हातारा हुतो, दुसरा सोडाय लागतो. आणि दोघांचं आकडं जुळत न्हाईत."

"जावा-जावा असतील," समोरच्या कट्ट्यावरून झुंबरबाई म्हणाल्या. फाटकातून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे.

"तसंच म्हणा की. मग दोघांस्नी काही दिवस संगं बघाय लावायचं, फरक काढायचा आणि जोडायचं. आनी एक रोग हाय. म्हातारा दरवर्सी जरा उशिरा डोक्यावरनं जातो. सकाळी उशिरा बघितलं की हवा जास्त तापल्याली दिसणारच. वाटतंय जग तापलं. खरं तर ह्योच उशिरा आल्याला असतो! म्हणून खाली जमिनीवर एक तरी नोंद अशी पायजे, की जागा तीच, तापमापी तीच, येळ तीच."

गौसभाईंची छाती सदऱ्यात मावेना. त्याच दुपारी ट्रंक बाळासोच्या हवाली झाली.

तीन दिवसांनी तो आलेखाचा कागद घेऊन परत आला. रेघ चढत गेलेली.

"चाचा, बावीस वर्सांत एक अंश चढलाय. गडहिंग्लजची नोंद मातूर सपाट हाय."

"मग गडहिंग्लजवाला झोपत आसंल!"

"तापमापी बदलली?"

"न्हाय."

"पेटी हलवली?"

"न्हाय."

"येळ?"

गौसभाईंनी नुसतं मनगट पुढं केलं. त्यावर कोल्हापुरातलं सगळ्यात अचूक घड्याळ होतं. ते बघितलं कधी जात होतं, ही गोष्ट वेगळी. वहीतला वेळेचा रकाना गौसभाई महिन्याच्या एक तारखेलाच भरून मोकळे होत. तीसच्या तीस दिवस, सुवाच्य अक्षरात : ८.३०.

कट्ट्यावर झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"गौस, तू पयल्यांदा याय लागलास तवा कारखान्याचा आठचा भोंगा झाल्यावर माझ्या भाकऱ्या हुईपतोर हजर असायचास. आता भाकऱ्या हुत्यात, भांडी हुत्यात, सुनंसंगं एक भांडण बी हुतंय, मग तुझी घंटी वाजती."

"आक्का, तुझ्याकडं घड्याळ तरी हाय का?"

"न्हाय. म्हणूनच बरोबर हाय. बाकीच्यांनी तुझं बघून लावलंय."

गौसभाईंनी वळणाकडं चोरून बघितलं. गल्लीच्या वळणावर, रशिदाला दिसणार नाही अशा बेताच्या जागी, आकारामचं हॉटेल होतं.

बाळासो खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, खरी येळ कळली तर आकडं दुरुस्त करता येतील. न्हाय कळली तर वह्या परत ट्रंकेत."

बावीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत, की घड्याळजीची अब्रू चव्हाट्यावर? दुसऱ्या दिवशी गौसभाई दुकानात गेले खरे, पण 'अचूक वेळ मिळेल' ही पाटी काही बाहेर टांगवेना. तिसऱ्या दिवशी तांबडी पेन्सिल घेऊन ते कट्ट्यावर येऊन बसले.

"आक्का, सांग. काय ठिवू नगंस."

झुंबरबाईंना जन्मात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं होतं.

"सदुसष्टापतोर उभ्यानं खायचास. अडुसष्टात आकारामनं बाकडं आणलं. तवाधरनं बसाय लागलास. दुष्काळात त्येचं तेल म्हागलं, वडं कमी व्हायचे, तवा लवकर यायचास. एकोणऐंशीला त्यो पेपर घ्याय लागला. झालं! धा मिन्टं त्यातच."

गल्ली गोळा झाली. ज्याला त्याला काहीतरी आठवू लागलं. बाळासो लिहीत होता : साल, वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, कटवडा.

तेवढ्यात मागून आवाज आला, "एकाहत्तर साली पित्तानं आडवं पडलासा, तवा वडा सोडायची शपथ घेतलासा न्हवं?" रशिदा कधी येऊन उभी राहिली होती, कुणाला कळलं नव्हतं.

बाळासोनं घाईनं विषय बदलला. "आता एकच काम. वर्सभर दोन्ही वेळा नोंद घ्यायची. साडेआठला एक आणि तुमच्या हल्लीच्या खऱ्या येळंला, आठ अठ्ठेचाळीसला एक. म्हंजे कुठल्या म्हैन्यात किती फरक पडतोय ते कळंल."

गौसभाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे मधली अठरा मिन्टं... शास्त्रापायी..."

"का रं बाळासो," रशिदा म्हणाली, "शास्त्राला कटवडा लागतोय?"

बाळासोनं मान खाली घातली. "न्हाय चाची. नुस्ती येळ लागती."

दुसऱ्या दिवशी सायकल खऱ्या साडेआठला फाटकाशी टेकली तेव्हा गल्लीतली घड्याळं आठ बारा दाखवत होती. घराघरात काटे अठरा मिनिटं पुढं ढकलले गेले. पहिली नोंद झाली. गौसभाई पेटीजवळच्या दगडावर बसले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मनगटाकडं टक लावली. काटा हलेना. वारा नेमका वळणाकडून येत होता आणि आकारामनं आज कटात मसाला जरा सढळ टाकलेला असावा.

आठ अठ्ठेचाळीसला त्यांनी दुसरा आकडा मांडला. बाळासोनं वहीत नव्यानं आखून दिलेल्या कारणाच्या रकान्याशी हात थांबला. मग त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं : उपाशी.