शकूबाईचा पहारा

वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून एक वृद्धाश्रम आहे. त्याच्या फाटकाशी पाण्याची टाकी, साबण आणि शकूबाई अशा तीन गोष्टी कायमच्या उभ्या असत. पाहुणा कोणी बडा माणूस असो की आतल्या म्हातारीचा सख्खा मुलगा, हात धुतल्याशिवाय आत नाही. आणि धुतले तरी शकूबाईला पटेपर्यंत नाहीच. "नखां बघू," ती म्हणे, आणि भलेभले लोक मुकाट्याने दोन्ही हात पुढे करत.

शकूबाई तशी साधी आया. नवरा गेल्यावर लावणी-कापणीच्या मजुरीवर तिने संसार ओढला, मग कंबर बोलायला लागली तेव्हा इथे कामाला लागली. पण करोनाच्या साथीत मुरबाडला आयांचं एक प्रशिक्षण झालं आणि बाईचा नूरच पालटला. बाकीच्या बाया जेवणाची सुट्टी कधी होतेय याची वाट बघत बसल्या होत्या. शकूबाईने मात्र एकेक शब्द पदरात बांधून घेतला. म्हातारी माणसं एका छपराखाली राहतात तिथे रोग शिरला की हातोहात फिरतो, हे तिला असं पटलं की ती गेली आया म्हणून आणि परत आली फौजदार होऊन.

मग चादरी उकळत्या पाण्यात पडू लागल्या. ताट-वाटी ज्याची त्याला झाली. दिवसातून कितीदा फिनेल फिरे ते फरशीलाच ठाऊक. "यमाला पन हात धुवाय लावील ही बाय," म्हातारे म्हणत. पण त्या साथीत आश्रमातलं एकही माणूस गेलं नाही, हे खरं. त्याचं श्रेय शकूबाईने देवालासुद्धा वाटून दिलं नाही.

यंदा भादव्यात डोळ्यांची साथ आली. आश्रमात पहिले डोळे आले ते सरस्वतीआजीचे. लाल झाले, चिकटू लागले. आणि नेमकं तेव्हाच काळूरामआबांचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

आबांनी आयुष्यभर भातसानगरला धरणावर चौकीदारी केली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आसनगावला राहणाऱ्या नातवाला, शेखरला, मुलगी झाली, मनस्वी. ती चार वर्षांची होत आली तरी आबांना ती म्हणजे एक हलणारा ढग. पणतीचं तोंड एकदा बघायचं, मग न्यायचं तिथे न्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुरबाडच्या नेत्रशिबिरात महत्प्रयासाने नंबर लागला होता, पण डोळा लाल असेल तर ऑपरेशन होणार नाही, असं शिबिरवाल्यांनी बजावलं होतं.

शकूबाईने पदर खोचला. आबांची खाट मोठ्या खोलीतून उचलून तांदळाच्या कोठीच्या खोलीत नेली. आबांशी गप्पा मारायला कोणी यायचं नाही. पत्ते बंद. आचारी नामाने ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे सरायचं. आबांच्या डोळ्यांसाठी शकूबाई डोळ्यांत तेल घालून जागत होती म्हणायला हरकत नाही.

एका रविवारी शेखर मोटरसायकलवर मुलीला घेऊन आला. मनस्वीचे हात धुतलेले होते, पण नाक वाहत होतं.

"मावशी, लांबूनच दाखवतो," शेखर म्हणाला.

"लांबून त्यांना दिसतां काय? आपरेशन झालं का मंग आन. मंग जवळून बघतील."

मुलीने "आबा" म्हणून एकच हाक मारली. शेखर चडफडत गाडी वळवून गेला. शकूबाई आत आली तेव्हा आबांनी विचारलं, "कोन आला होता गो?"

"दूधवाला," ती म्हणाली, आणि ताकाला तूर लागू दिली नाही.

आता एवढा बंदोबस्त केल्यावर शकूबाईने आणखी एक गोष्ट केली, आणि ती तिने प्रशिक्षणात ऐकलेली नव्हती, सासूकडून घेतलेली होती. डोळे आले की काजळ घालावं, थंडावा येतो, दृष्ट लागत नाही. तिने एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताट धरलं, काजळी तुपात मळून डबी भरली. रोज संध्याकाळी हात स्वच्छ धुवायचे आणि डबी घेऊन निघायचं. पहिला मान सरस्वतीआजीचा, कारण दुखणं तिचं. मग बाकीच्या म्हाताऱ्या, मग म्हातारे. ते आधी लाजले, मग सवयीने खाटेवर बसल्या बसल्या पापणी ओढून वाट बघू लागले. सगळ्यांचं उरकलं की शेवटी निवांतपणे आबा. डबी तीच, बोटही तेच.

"चुरचुरतं गो," आबा म्हणाले.

"लागू पडतंय म्हनून चुरचुरतं," शकूबाई म्हणाली आणि आणखी एक बोट फिरवलं.

शिबिराच्या दिवशी सकाळी आबांचे डोळे चिकटलेले होते. तिने ते कोमट पाण्याने पुसले आणि शेखरला फोन न करता स्वतःच त्यांना जीपने मुरबाडला नेलं. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने पापणी उलटली, हात मागे घेतला.

"हे काळं काय आहे?"

"काजळ हाय. घरचां," शकूबाई म्हणाली. त्या क्षणापर्यंत तिच्या आवाजात अभिमान होता.

"सगळ्यांना याच डबीतून घालता?"

सरस्वतीआजीपासून आबांपर्यंतची सगळी रांग तिला एकदम दिसली. डॉक्टर काही रागावला नाही. ऑपरेशन आता पुढच्या शिबिरात, ते कधी होईल सांगता येत नाही, म्हणाला. मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "मावशी, तुमचेही डोळे आलेत." ती ते फिनेलमुळे लाल झालेत असं समजत होती.

परतल्यावर नामाने तिला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. "लाल डोल्याच्या मानसानी आत येयाचा नाय, शकूबाई. तुमचाच नियम हाय." बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर शेजाऱ्याने हसायचं नाही तर काय करायचं. बाकीच्या खाटाही लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या. शकूबाई चटई घेऊन कोठीच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आबा मात्र खाटेवर सरसावून बसले. "बरा झाला आलीस. भिंतीशी बोलून कंटाललो होतो."

ती म्हणाली, "आबा, माझ्यापायी झाला हो सगला."

"राहू दे. आमी काय तू मुद्दाम केला म्हनतो?" आबा म्हणाले. "त्या दिशी दूधवाला नव्हता. मनस्वी होती. तिची हाक आयकली मी."

शकूबाईने पदर डोळ्यांना लावला, डॉक्टरने लावू नको म्हणून सांगितलं होतं तरी.

"रडू नको. मला कवा दिसंल तवा दिसंल. तू तर तिला समोर उभी करून बघितलीस ना? कशी दिसती गो? कोनासारखी हाय?"

शकूबाई आठवू लागली. मुलीची नखं कापलेली होती. बोटांच्या बेचक्यात मळ नव्हता. नाक वाहत होतं, ते डाव्या बाजूने जास्त. त्यापलीकडे तिने त्या मुलीचं काही पाहिलंच नव्हतं.

"सांग ना," आबा म्हणाले, आणि ऐकायला पुढे वाकले.