मास्तरांची पिवळी चिठ्ठी

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी एकाच कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या, त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मास्तरीणबाईंनी, त्यांना डॉक्टरकडे नेलं. चाळीस वर्षं त्या शेजारी बसून काजं-बटणं करत होत्या. या माणसाची कात्री सूतभर चुकलेली त्यांनी पाहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, पण नुकती सुरुवात आहे. मास्तर एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकांना कळता कामा नये. कळलं तर माझ्या हातात कापड देईल कोण?"

भीतीनं असं घर केलं, की उचललेली कात्री न चालवताच ते खाली ठेवायचे. म्हणून मानसोपचार सुरू केले. उपचार करणाऱ्या बाई आधी तासभर बोलायच्या, मनात येईल ते वहीत लिहून आणायला सांगायच्या. वही कसली न् काय! ती ठेवली कुठे, हेच मास्तरांना आठवेना. पण बाई हुशार. त्यांनी वेळ अर्ध्यावर आणली, मास्तरीणबाईंना सोबत बसवलं आणि विचारलं, "दुकानात मापं कशी लक्षात ठेवता?"

"लक्षात कशाला ठेवायची? पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची नि कापडाला टाचायची."

"मग हेही तसंच लिहा. तुमच्याच अक्षरात."

मास्तरांनी लिहिलं : 'मला विसरायला होतं. घाबरायचं नाही. कात्री खाली ठेवायची. हिला हाक मारायची.'

चिठ्ठी खिशात राहू लागली आणि खरंच गुण आला. दिवसातून दोन-तीनदा हाक यायची, "अगं, ऐकलंस का?"

"ऐकतेय हो, बहिरी नाही झाले अजून!" असं म्हणत मास्तरीणबाई उठायच्या, खडूची रेघ तपासायच्या, की कात्री पुन्हा चालू. असे दोन महिने निभावले.

मग एका सकाळी वकीलसाहेब आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पिवळी चिठ्ठी हळूच टेबलावर ठेवली. "मास्तर, ही कालच्या पँटला टाचलेली होती."

आता बोला! हाताची चाळीस वर्षांची सवय. चिठ्ठी हातात आली, टाचली. आणि इस्त्री करून घडी घातली होती कुणी? मास्तरीणबाईंनीच. पिवळा कागद बघून त्यांना मापच वाटलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

साहेब माणूस वाईट नव्हता. नजर चुकवत म्हणाला, "माझं कोटाचं कापड... अजून कापलं नसेल ना? राहू द्या आता, परत नेतो मी."

तेच कापड समोर पसरलेलं होतं, खडूच्या रेघा मारलेलं. मास्तरांच्या हातातली कात्री उघडी ती उघडीच राहिली. त्यांनी चिठ्ठी जवळ ओढली, एकेका ओळीखाली बोट धरून वाचली. कात्री खाली ठेवली.

"अगं, ऐकलंस का?"

त्या हातभर अंतरावरच उभ्या होत्या.

"ऐकतेय हो," म्हणाल्या, आणि खडू झटकून त्यांनी कापडाची घडी घालायला घेतली.