जाधवची शिकारीची तयारी

टोकियोतल्या निशी-कसाई भागात आम्ही आयटीवाले जमलो की जाधवचे किस्से निघतातच. प्रत्येक जण पदरचं थोडं घालतो, त्यामुळे साठा वाढतच चाललाय. पण शिकारीचे किस्से माझ्या हक्काचे, कारण मी त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहायचो.

दरवर्षी आमच्या गणपतीला येऊन मोदक हाणणारे ऑफिसातले किमुरा-सान हिवाळ्यात डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचे. त्यांच्या जोडीदाराचा गुडघा गेला आणि मांस पाठीवर घेऊन डोंगर उतरायला माणूस हवा झाला. जाधव कोल्हापूरचा, जपानला आल्यापासून डोंगरासाठी तडफडत होता. किमुरा-सान म्हणाले, "आधी माझ्याबरोबर एक चढ चढा. आवाज नको, वास नको. जमलं तर नेतो."

*

सराव जिन्यावर! सॅकमध्ये तांदूळ-तूरडाळ ठासून जाधव रोज संध्याकाळी घराबाहेर पडायचा. जाधववहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. आठवडाभराने शेजारच्या जपानी आजी मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईचा डबा घेऊन आल्या आणि वहिनींना हळूच म्हणाल्या, "रोज परत येतो ना? मग माणूस वाईट नाही."

*

जॅकेटला फोडणीचा वास येतो म्हणून जाधवने ते धुऊन, एरवी स्वयंपाक न होणाऱ्या माझ्या घरी ठेवायला दिलं. माझी आई तेव्हा पुण्याहून आली होती. ओलं जॅकेट बघून तिला त्याची दया आली. तिने ते उबेला, गॅसशेजारी टांगलं.

त्या दिवशी आमच्याकडे कांदाभजी होती!

*

सगळ्यांत अवघड म्हणजे गप्प बसणं. जाधवने ऑफिसात त्याची प्रॅक्टिस सुरू केली. दुपारपर्यंत मॅनेजरने त्याला मीटिंग रूममध्ये बोलावून विचारलं, "दुसरीकडे ऑफर आलीय का?"

*

शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. मीही सोबत गेलो. चढ छातीवर येणारा, पाठीवर तांदूळ-डाळ, तरी जाधवने हूं की चूं केलं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटला. माथ्यावर पोचलो तर समोरच्या उतारावर हरणांचा कळप चरत होता. किमुरा-साननी त्याच्याकडे बघून मान डोलावली. पास!

आता मराठी माणूस माथ्यावर पोचला की काय करतो? जाधवने दोन्ही हात वर केले.

"गणपती बाप्पाऽऽ!"

मी घाईघाईने स्वतःचं तोंड दाबलं. पण शेजारून, छाती भरून, जपानी वळणाचा खणखणीत आवाज आला, "मोरयाऽऽ!"

समोरचा उतार क्षणात रिकामा झाला.  किमुरा-सान सॅक उतरवून दगडावर बसले आणि म्हणाले, "जाधव-सान, शनिवारी शिकारीला येताना मास्क आणा. दोन."