धुऱ्याच्या अर्जाची शेवटची ओळ

२०१९ साल होतं, अन् मी अडुसष्ट वर्षांचा. वाशीमच्या तहसील कचेरीसमोर टिनाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करायचो. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या कम्प्युटरसारखं सेटिंग त्या लाइनीत कोणाचं नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पडदा काळा, अक्षरं पिवळी अन् बोराएवढी. त्याहून मोठी करामत शॉर्टकटांची. 'धु' दाबलं की धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादाचा आख्खा अर्ज पडद्यावर, 'रे' दाबलं की रेशन कार्डाचा. सगळं एका फाईलीत विषयवार लावलेलं, पाच वर्षं खपून. ती फाईल दुसऱ्याच्या कम्प्युटरवर टाकली तर तिथंही तसंच चालायचं. म्हणून तर मी ती कोणाला देत नसे.

मग शेजारी नवीन टेबल लागलं. केनवडची सून, बी.ए. झालेली.

"काका, थे फाईल मले द्या ना."

"काहून? तू त बी.ए. हायेस."

"बी.ए.त अर्ज शिकवत नाहीत, काका. तुमचं दोन बटनात होते, अन् मी सकाळपासून एकच बडवून राह्यली."

दहा दिवस तिनं चहा पाजला. नाही म्हणवेना, अन् द्यायचंही जिवावर आलं. शेवटी दिली. पण देण्याआधी धुऱ्याच्या अर्जाची शेवटची ओळ रेशनच्या अर्जाखाली लावली, अन् रेशनची धुऱ्याखाली. शेवटची ओळ कोणी वाचत नाही. नाव, गट नंबर पाहतात अन् सही ठोकतात. वाटलं, एखादा कागद वाया जाईल अन् येईल बाई 'काका, काका' करत.

ती आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी इंझोरीचा एक शेतकरी कागद फडकावत तिच्या टेबलावर आला.

"बाई, म्या धुरा मोजाले सांगतला होता! अन् यात लिवलं, माहं नाव रेशन कार्डातून कमी करा! खिडकीवरचा बाबू पोट धरून हासून राह्यला."

मलाही हसू फुटलं, ते खोकल्यात दाबलं. तेवढ्यात तो म्हणाला, "उद्या हरकतीचा शेवटचा दिवस हाये. अर्ज गेला नाही त माही नांगराची चार तासं शेजाऱ्याच्या वावरात गेली समजा."

बाईचा चेहरा उतरला. "काका, फाईल तुमचीच हाये ना?"

"माह्यात त बरोबर येते," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते, पण माणसानं बोलावं असंही नव्हतं.

शेतकरी माझ्याकडे वळला. "तुमीच लिवा, काका. आता इकडं कोण येते?"

टिनाखाली बसलेले सगळे ऐकत होते. जिंकलो होतो मी. अन् ती बाई कीबोर्ड पिशवीत भरत होती.

"आता खिडकी बंद झाली," मी शेतकऱ्याला म्हणालो. "उद्या नवाले या. अन् तूही ये वं."

"कायले?" तिनं वर न बघता विचारलं.

"ये म्हणलं ना!"

माफी मागणं मला जमलं नाही, आजही जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला मी खरी फाईल घेऊन तिच्या टेबलावर गेलो, जुनी पुसून ती टाकली, अन् अर्ज तिच्याच हातून काढायला लावला. शेवटची ओळ मी स्वतः मोठ्यानं वाचली. मग शेतकऱ्याला घेऊन खिडकीवर गेलो, अन् सगळ्या रांगेसमोर बाबूला सांगितलं, "कालचा अर्ज म्या बिघडवला होता, त्या बाईनं नाही. आता हासून घ्या अन् शिक्का मारा."