हवेवरचा ग्राइंडर

उदगीर जिल्हा होणार, ही बातमी दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या तोंडावर येते आणि सत्तावीसला भज्यांच्या पुडीचा कागद होऊन संपते. पण रेवणसिद्ध त्या बातमीवर भरवसा ठेवून बसलेला माणूस. जिल्हा झाला की साहेब येतील, साहेबांच्या गाड्या येतील, गाड्या आल्या की बिघडतील, आणि बिघडलेली गाडी कुणाच्या तरी दारात येईलच, एवढा साधा विचार करून त्याने घरापुढच्या मोकळ्या जागेत पत्र्याचं गॅरेज उभं केलं. साहेब आलेच नाहीत. आला तो दुष्काळ. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

पेरणीच नाही तर ट्रॅक्टर कशाला बिघडतील? शिवारात एकच गाडी दिवसरात्र धडधडत होती, बोअरची. तिच्या दांड्याच्या टोकाला बिट असतो, म्हणजे लोखंडाचा एक जड गड्डा, आणि त्याच्या तोंडावर बोराएवढी कडक बटणं. खडक खाऊन खाऊन ती बटणं सपाट होतात. ती घासून परत गोल केली की बिट पुन्हा खडकाला लागतो. व्यंकट नावाचा एजंट असे बोथट बिट स्कूटरवर लादून आणायचा आणि रेवणसिद्ध ते घासून द्यायचा. मागच्या दुष्काळापासून त्याचं हेच चाललं होतं, एका जुन्या, विजेवरच्या, धोंड्यासारख्या जड ग्राइंडरवर. उजव्या हाताने मूठ धरायची आणि डाव्या हाताने मान दाबायची. मशीनचे सगळे हादरे डाव्या हातात उतरायचे.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग थंडीत बोटं कापसासारखी पांढरी पडू लागली. मग सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा ह्याने शिंप्याला शिव्या घातल्या आणि बिनबटणांची बंडी घालायला सुरुवात केली. चहाचा चटका देणारा पेला तो खुशाल डाव्या हातात घेऊन बसायचा. "अहो, भाजंल," असं बायको शिवकांता म्हणाली की, "कामकऱ्याचा हात हाय, लोण्याचा न्हाई," असं ऐटीत सांगायचा. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत.

पण महाशिवरात्रीच्या सकाळी ऐट उतरली. आंघोळ उरकून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून तो पूजेला बसला. गळ्यातली चांदीची डबी उघडून त्याने इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. आठव्या वर्षी जंगमस्वामींनी गळ्यात बांधलेलं ते लिंग. ते जिवापासून वेगळं करायचं नाही, रोज तळहातावर घेऊन पापणी न लववता बघायचं, हे त्याच्या आईने त्याला भाकरी मागायला शिकवण्याआधी शिकवलेलं. त्या दिवशी त्याने डोळे क्षणभर मिटले, आणि टक् असा आवाज झाला. लिंग पाटावर पडलं होतं. हातातून गेलं ते हाताला कळलंच नव्हतं.

लिंग उचलून त्याने डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, घाईघाईने डबीत ठेवलं. असं झालं तर स्वामींकडे जाऊन सांगावं लागतं. हा गेला नाही. कुणाला बोललाही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पूजेला बसू लागला आणि लिंग तळहाताऐवजी मांडीवर घेऊ लागला. देवाला फसवता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण बायकोला फसवता येईल, असं त्याला वाटत होतं.

अशात एक दिवस व्यंकट म्हणाला, "अप्पा, ह्या डबड्याला टाका भंगारात. हवेवरचा घ्या, वाकड्या मानेचा. मुठीत मावतोय, हातच दुखत न्हाई. तुमच्याकडं कंप्रेसर हायच की."

पंक्चरच्या कामाचा एक लहान कंप्रेसर गॅरेजच्या कोपऱ्यात होता. रेवणसिद्धच्या मनात एकदम उजेड पडला. हात मशीनने नेला, तर हलकं मशीन तो परत आणील! खोड आपल्यात नाही, ग्राइंडरात आहे. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी नीट झोप लागली. लातूरला तो ग्राइंडर आणायला निघाला खरा, पण मनातून तो आपला हात परत आणायला निघाला होता.

"मी बी येते," शिवकांता म्हणाली. "मागं बाजाराची पिशवी स्टँडवर हातातून पडली आन तुमाला पत्ता न्हाई. महागाची वस्तू हाय."

लातुरात गल्लोगल्ली घागरींच्या रांगा. मन्मथशेठच्या हत्यारांच्या दुकानापुढेही रिकामे कॅन दोरीत ओवून ठेवले होते. शेठ बोलका माणूस. "या अप्पा, या अक्का," म्हणत त्याने बसायला स्टुलं दिली आणि पाणी विचारायचं टाळलं. त्या वर्षी ते कुणालाच वावगं वाटत नव्हतं.

त्याने तीन ग्राइंडर मांडले. सरळ मानेचा रेवणसिद्धने स्वतःच बाजूला सारला. बिटाच्या कडेची बटणं तिरपी बसवलेली असतात, तिथे सरळ मान न्यायची तर मनगट मोडावं लागतं. उरलेले दोन्ही वाकड्या मानेचे, एक जाड लोखंडी अंगाचा आणि दुसरा रबराच्या मुठीचा.

"टाकी केवढी हाय?" शेठने विचारलं.

"पंक्चरची. लहानच."

"मग सलग चालायचा न्हाई बगा. ही हत्यारं लई हवा खातेत. थोडं घासायचं, थांबायचं, टाकी भरू द्यायची."

"बरं हाय की, तेवढाच हाताला इसावा," शिवकांता म्हणाली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

"आन हवा कुटं सोडतोय ते बगा," शेठ सांगत होता. "ह्यो लोखंडी हाय ना, ह्यो पुढून सोडतोय, बोटांवर. गार हवा असती. रबराचा मागून सोडतोय, हातापासून लांब."

दुकानामागे हवेची नळी होती. रेवणसिद्धने लोखंडी ग्राइंडर जोडला, डाव्या हातात धरला आणि खटका दाबला. गांधीलमाशीसारखा आवाज उठला. मनगटाला गार लागलं. बोटांना काहीच लागलं नाही. काहीच नाही, ना गारवा, ना हादरा! त्याचा चेहरा असा खुलला, की शिवकांताही हसली.

"हलतच न्हाई की ओ! लोण्यावाणी चालतोय."

शेठ जरा चमकला. रबराचाही चालवून झाला. रेवणसिद्ध म्हणाला, "ह्यो बी तसाच. मग लोखंडीच द्या, दणकट हाय."

"अप्पा, मस्करी करून राहिलाव का? लोखंडी लई हाणतोय. त्यापायी तर एक गिऱ्हाईक वापस करून गेलं."

"शेठ, केस पांढरे झाले ह्याच कामात. मला शिकवता का?"

"बगू, मी धरते," शिवकांता मधेच म्हणाली. भांडण लागू नये, एवढाच तिचा हेतू. तिने लोखंडी ग्राइंडर घेतला आणि शेठने दाखवला तसा खटका दाबला.

तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत खळखळा वाजायला लागल्या. वाजत राहिल्या. एक तर वाढलीसुद्धा आणि तिचे तुकडे फरशीवर पडले. रेवणसिद्ध त्या आवाजाकडे बघत राहिला. हातातला ग्राइंडर हलतो, हे त्याला आत्ता कानांनी कळलं होतं.

शिवकांताने खटका सोडला. तिचा खांदा अजून झिणझिणत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. तो हाताकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होता.

"नख लागतंय का?" तिने विचारलं.

"लागतंय की."

"मी अजून लावलंच न्हाई."

शेठने मान फिरवली आणि उगाच नळी गुंडाळायला घेतली. शिवकांताने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "शेठ, ह्यो रबराचा बांधा."

परतीच्या एसटीत त्याने तिला शिवरात्रीचं सगळं सांगितलं. आधी ती रडली आणि मग भडकली. "देवाला तोंड दाखवायला भ्यालाव, समजलं. माजं काय भ्याव होतं? एका ताटात जेवतो आपण." त्याने मांडीवरच्या खोक्याकडे बघत विचारलं, "मग रबराचा घेतलास कशाला? माझ्यानं आता न्हाई व्हायचं." ती खिडकीबाहेरच्या उजाड माळाकडे बघत म्हणाली, "मी घासते. तुमी दाखवा."

उदगीरच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, की मेलेली नस परत येत नाही. उरलेली सांभाळा, हादऱ्याचं काम बंद करा. स्वामींकडे दोघं मिळून गेले. स्वामी रागावले नाहीत, तेच रेवणसिद्धला जास्त लागलं. त्या दिवसापासून सकाळच्या पूजेला शिवकांता त्याच्या शेजारी बसू लागली. लिंग त्याच्या तळहातावर आणि त्याच्या तळहाताखाली तिचा तळहात. लिंग जरा कललं की तिला कळायचं.

मग गॅरेजात शिवकांता उभी राहिली. गल्लीतल्या बाया महिनाभर बघायला येत होत्या. बांगड्या काढायला ती तयार नव्हती, म्हणून त्या वर सारून ती फडक्याने बांधायची. तरी त्या किणकिणायच्याच. रेवणसिद्ध स्टुलावर बसून सांगायचा, "दाबू नको. नुसतं टेकव. फिरू दे त्याला." किणकिण वाढली की तो म्हणायचा, "बस कर, घासायचा दगड झिजला." तिचा हात चांगला बसला. व्यंकट म्हणायचा, अप्पांपेक्षा वहिनींचं बटण गोल. त्या गोल बटणांनी सातशे, आठशे फूट खाली जाऊन नुसता पांढरा फुफाटा वर काढला, तो भाग वेगळा.

थोडं घासायचं, थांबायचं, असंच ठरलं होतं. शेठने सांगितलं होतं, डॉक्टरांनी हादऱ्याची भीती घातली होती. पण व्यंकट दारात उभा राहायचा, "वहिनी, गाडी खोळंबून राहिली, एवढं एक." आणि रेवणसिद्ध, ज्याला हे सगळं भोगून माहीत होतं तो रेवणसिद्ध, स्टुलावरून म्हणायचा, "एवढं एक कर." कंप्रेसरही लहान राहिला नाही, व्यंकटने आपला मोठा आणून ठेवला, म्हणजे हवेसाठी थांबायला नको. इसावा गेला. त्याने तेव्हा नको म्हणायला हवं होतं. त्याला तोंड होतं, बधिर झाला होता तो हात.

त्या सालच्या भादव्यात पाऊस असा कोसळला, की पूल वाहून गेले. बोअरच्या गाड्या पांगल्या आणि ग्राइंडर खिळ्याला टांगला गेला. दोन वर्षांनी पुन्हा कोरडं पडलं आणि तो खाली निघाला. जिल्ह्याची बातमीही पुन्हा आली. शिवकांता पुन्हा फडकं बांधून उभी राहिली. त्या हिवाळ्यात ती आंघोळीनंतर बराच वेळ हात पदराखाली घेऊन बसायची. थंडी लई हाय म्हणायची.

एका सकाळी दोघं पूजेला बसले. भस्म लावून झालं. लिंग त्याच्या तळहातावर, त्याखाली तिचा तळहात. त्याने "ॐ नमः शिवाय" म्हणत डोळे मिटले.

टक् असा आवाज झाला.

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. लिंग पाटावर पडलं होतं. त्याने ते उचललं, डोळ्यांना लावलं, डबीत ठेवलं. तिने आपला हात मुकाट्याने पदराखाली नेला. रेवणसिद्धने तो बाहेर काढला. त्याच्या उजव्या हाताला अजून थोडं कळत होतं. त्याने त्या हाताचा अंगठा तिच्या तळव्यावर ठेवला. तिची बोटं कापसासारखी पांढरी पडली होती.

शिवकांताने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "बगाच एकदा," ती म्हणाली. "लावा नख."

रेवणसिद्धचं नख मघापासूनच तिच्या तळव्यात रुतलेलं होतं.