काकीच्या नंबरवरून आलेलं शुभ सकाळ

काकी रोज सकाळी भावकीच्या ग्रुपवर फुलांचा फोटो टाकायची, वर ‘शुभ सकाळ’. ती गेली तरी तिचा नंबर कुणी काढला नाही. आमच्याकडे तसं काढत नाहीत. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तिचा फोन तिच्या फोटोखाली चार्जिंगला लावून ठेवला होता.

काही महिन्यांनी एका सकाळी त्या नंबरवरून फोटोची फाइल आली. शुभ सकाळ.

मी तेव्हा बारामतीत, कॉलेजच्या लॅबमध्ये होते. फोटो दाखवणाऱ्या एका प्रोग्राममधली कमजोरी त्याच आठवड्यात जाहीर झाली होती. फोटो नुसता उघडला, तरी त्यात दडवलेल्या सूचना चालू होतात, असं सरांनी सांगितलं होतं. असल्या फायली संगणकानं ओळखाव्यात म्हणून तपासणीचा एक छोटा नियम मी लिहिला होता, बरोबर की चूक याची खात्री नव्हती. काकीची फाइल न उघडता त्या नियमानं तपासली. फाइल स्वतःचा जो आकार सांगत होती आणि आत जे भरलं होतं, त्यांचा मेळ बसत नव्हता. ग्रुपवर लिहिलं, कुणी उघडू नका. तात्यांना फोन केला, तर ते म्हणाले, आधी तू घरी ये.

एसटीनं गावी, निमगाव केतकीला, उतरून घरी गेले. काकीच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाय, फोन आपोआप सगळ्यांना फायली पाठवतोय, तो पूर्ण पुसावा लागेल, असं मी अडखळत सांगितलं.

तात्यांनी फोन चार्जरवरून काढून हातात घेतला. “तुझं कॉलेज मेलेल्या माणसावर बी संशय घ्यायला शिकवतं व्हय?”

मग हळूच म्हणाले, “तिचा आवाज हाय त्यात.”

जेवायला बोलावणारा तिचा एकच संदेश होता. मी म्हटलं, तो काढून घेते, पण तपासून.

“त्यो नको तपासू. त्यात काय वाईट असणार?”

तरी मी तपासला. त्यात काही नव्हतं. तो तात्यांच्या फोनमध्ये घातला आणि काकीचा फोन पुसला. तात्या उठून गोठ्याकडे गेले.

ती फाइल मात्र मी लॅबमध्ये बंदिस्त ठेवली आहे. नियमात काही बदललं की आधी तिच्यावरच चालवून बघते. दर वेळी पडद्यावर एकच शब्द येतो, सापडली. आणि दर वेळी मी क्षणभर मागं वळून बघते.