दादांची उशी आणि अक्काचं लग्न

हे कुणाला सांगायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली आहे. पण आता काय सांगू तुम्हाला, पोटात राहतच नाही! तुम्ही मात्र मुरूमला, आमच्या अक्काच्या होणाऱ्या सासरी, चकार शब्द काढू नका.

त्या दिवशी अक्काला पाहायला पाहुणे येणार होते. सकाळीच आई म्हणाली, "सुमे, दादांची उशी लई तेलकट झालीया. जरा ताजी कर."

म्हणजे काय, तर खोळ काढून उशी माळवदावर उन्हात टाकायची आणि काठीनं बडवायची. असल्या दुष्काळात उशी कोण धुतं? मी! अख्खी उशी, कापसासकट, घंगाळात बुडवली.

एक कळशी ओतली. उशीनं पिऊन टाकली. दुसरी ओतली. तीही गायब! मला वाटलं, ढग असेच भरत असतील. वर आभाळात होते ते नुसतेच पांढरे, कोरडे. माझा ढग मात्र टच्च फुगत होता. त्याच्यावर गाल टेकला, डोळे मिटले, तर आटलेला आमचा ओढा वाहताना ऐकू यायला लागला. हात आपला मधूनमधून कळशी ओततच होता.

डोळे उघडले तेव्हा रांजण रिकामा. टँकर परवा येणार. आणि दारात पाहुणे!

"सुमे, पाय धुवायला पाणी आण!" दादांची हाक.

पाणी? घरातलं सगळं पाणी उशीत! पाहुण्यांच्या पायाला पाणी नाही म्हटल्यावर अक्काचं लग्न उंबऱ्यातच मोडलं असतं. मग मी काय केलं असेल? उशी पिळली हो, बादलीत!

मुलाच्या आईनं पायावर तांब्या ओतला आणि त्या थबकल्या. वाकून वास घेतला. माझा तर जीवच गेला.

"अगं बाई! वाळ्याचं पाणी?"

दादा डोक्याला वाळ्याचं तेल लावतात. आईनं माझ्याकडं पाहिलं, निथळत्या उशीकडं पाहिलं, पदर सावरला. "व्हय, वाळाच."

"पाणी मिळंना प्यायला, अन् पाहुण्याच्या पायाला वाळा! घर असावं तर असं. पोरगी पसंत हाय आमाला. पण विहीणबाई, लग्नात समद्या वऱ्हाडाला हेच पाणी पायजे बरं का!"

झालं! लग्न आठ दिवसांवर आलंय. आईनं खरा वाळा भिजवून पाहिला, पण "त्यो वास येत न्हाय," म्हणाली. मग गल्लीतून सात उशा गोळा केल्या. रोज शाळेतून आले, की ती माझ्या डोक्यावर दादांचं वाटीभर तेल थापते आणि मी एकीवरून दुसरीवर लोळत राहते. आत्ता पाचव्या उशीवर आहे, आणि खरं सांगू, अक्काच्या लग्नात मी इतकी तेलकट दिसणार आहे, की—

"सुमे! लिवत काय बसलीस? कूस बदल!"